संत्र्याला वाफारा? आधी झाडावरची फळं तर वाचवा

काटोलचा बागायतदार: काल इथं कुणीतरी लिहिलं की तोडलेल्या फळातली फळमाशीची अळी मारून माल परदेशी पाठवायला तालुक्यागणिक वाफेचे प्लांट टाका, आंब्याला जमतं तर संत्र्याला का नाही. डोकंच फिरलं! आंबा 47.5 डिग्रीला 20 मिनिटं ठेवून जपानला जातो, कबूल. पण आंब्याची चव पिकताना सावरते, संत्रं तोडलं की जसं आहे तसंच राहतं. मेक्सिकोचं ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसासारखं मोठं लिंबूवर्गीय फळ, गरम हवेत ठेवतात, गाभा 44 डिग्रीवर आणून वर 100 मिनिटं, आत अळी उरत नाही. त्याची साल जाड, ते सोसतं. मँडरिन जातीला, म्हणजे सुट्या सालीच्या संत्र्याला, एवढं तापवलं की चव उतरते, आंबूस दारूसारखा वास येतो. नागपुरी संत्रं मँडरिनच आहे ना?

टेक्सासकर: कालची पोस्ट माझीच. 1929 ला फ्लोरिडात मेडफ्लाय ही फळमाशी आली तेव्हा संत्र्या-ग्रेपफ्रूटवर वाफेचाच उपाय निघाला. पुढे ईडीबी या विषारी रसायनाची धुरी स्वस्त पडली, 1984 ला कॅन्सरच्या भीतीनं अमेरिकेनं तीही बंद केली. औषध नको, उष्णता नको, मग माशी हात जोडून जाणार का?

वरुडचा भाऊ: ओ टेक्सासवाले, आमच्याकडे माशीच्या आधी पतंग येतो. रात्री सोंड खुपसून रस पितो, सकाळी टाचणीएवढं भोक, अंगठ्यानं दाबलं की पाणी गळते, आठवड्यात फळ खाली. संध्याकाळी ओल्या कचऱ्याचा धूर करून डोळे गेले आमचे. त्याची अळी फळात नसतेच, वाफारा देऊन मारता काय?

मोर्शी: अन् उरलेली विकाची कुठं? बांगलादेशची संत्र्यावरची आयात ड्युटी 2019 ला किलोला 20 टका (त्यांचं चलन) होती, 2023 ला 88! व्यापारी सौदा करून गेला तो बागेत फिरकलाच नाही, इसार बुडाला म्हणून हसत होता वरतून.

टेक्सासकर: म्हणूनच म्हणतो ना, दुसरं मार्केट शोधा! एकाच गिऱ्हाइकावर किती वर्षं बसणार?

वरुडचा भाऊ: एसीत बसून सांगणं सोपं आहे साहेब. ड्युटीवर बोला.

काटोलचा बागायतदार: धागा ड्युटीचा नाही हो. बरं, ग्रेपफ्रूटपुरतं टेक्सासकरांचं खरं, घ्या. पण ग्रेपफ्रूट लावलंय कोणी इकडं?

मोर्शी: ड्युटी कमी झाली तर लावतो की.