शब्दचर्चा : ‘जिवंत किनारा’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : किनाऱ्याची धूप रोखण्याविषयीच्या लेखनात अलीकडे ‘जिवंत किनारा’ असा शब्दप्रयोग वाचनात येतो. तो ‘कांदळवन लागवड’ या अर्थीच घ्यावा काय? ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ या रूढ संज्ञेत तो सामावणार नाही काय?

उत्तर : दोहोंशीही त्याची गल्लत होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ही संज्ञा अमेरिकेतील चेसापीक उपसागराच्या परिसरात रुळली. तेथील मेरीलँड राज्याने २००८ साली कायदा करून, किनारा राखताना भिंतीआधी नैसर्गिक उपायांचा विचार बंधनकारक केला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तेथे खाऱ्या पाण्यातले गवत लावतात आणि लाटांचा मारा अधिक असेल तेथे गवताच्या पुढे दगडांची किंवा कालवांच्या शिंपल्यांची बुटकी रांग रचतात. बंधाऱ्यावर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते आणि बंधारा जेथे संपतो तेथे लगतचा किनारा अधिक कापला जातो. गवतात शिरलेल्या लाटेचा जोर मात्र ओसरतो, तिच्यातला गाळ तेथेच बसतो आणि जमीन हळूहळू उंचावते. किनारा असा स्वतः वाढू शकतो, म्हणूनच ‘जिवंत’ हे विशेषण मला सार्थ वाटते.

पुरवणी प्रतिसाद : वरील विवेचनाशी मी सहमत आहे, कोकणापुरते थोडे जोडतो. कांदळ, तिवर, चिपी ही झाडे खाडीच्या चिखलातली आहेत (पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे). उघड्या पुळणीवर, जेथे लाटा थेट फुटतात, तेथे ती तग धरत नाहीत. तेथे हे काम मर्यादवेलीचे : ती वाळूवर पसरत जाते, पेरापेराशी मुळे धरते आणि वाऱ्याने उडणारी वाळू अडवून टेकड्या बांधते. सुरूच्या बनाला मात्र मी ‘जिवंत किनारा’ म्हणणार नाही, कारण सुरू मूळचा कोकणातला नाही आणि त्याच्या पाचोळ्याच्या जाड थराखाली किनाऱ्यावरची स्थानिक झुडुपे व वेली वाढत नाहीत.

पुन्हा विचारणा : मग माणसाने घातलेला बांध या संज्ञेत बसतो काय?

उत्तर : बसतो. गोव्यातील खाजणांचे (खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या सखल जमिनींचे) बांध मातीचे व माणसांनी घातलेले असतात, तरी बाहेरच्या अंगाला वाढलेली खारफुटी त्यांना लाटांपासून राखते. तेव्हा ‘खाजणाचा बांध खारफुटीमुळे जिवंत किनारा ठरतो’ असे वाक्य निःशंक लिहावे.