अनुभव धागा: स्तनाच्या कर्करोगानंतर उडालेली झोप

उपचार संपले की घरचे म्हणतात, "सुटलीस एकदाची." रात्री दोनला आपण टक्क जाग्या असतो ते कुणाला दिसत नाही. तपासणीला गेल्यावर आपणही सांगत नाही. रिपोर्ट चांगला आलाय, झोपेचं काय घेऊन बसायचं! पण सांगायलाच हवं. झोप कशाने उडते यावर उपाय ठरतो. आपापलं लिहा, मी सुरुवात करते.

मला टॅमॉक्सिफेन, म्हणजे कर्करोग परत येऊ नये म्हणून दिलेली हार्मोनवरची गोळी, चालू आहे. रात्री छातीतून जाळ मानेपर्यंत चढतो, गाऊन भिजतो आणि मग हुडहुडी भरते. कोरडा सुती गाऊन उशाशीच ठेवते. डॉक्टरांनी कमी डोसची व्हेन्लाफॅक्सिन दिली, ही खरं तर नैराश्यावरची गोळी, तेव्हा बराच फरक पडला. पण मैत्रिणीची नैराश्यावरची गोळी परस्पर घेऊ नका. पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन अशा काही गोळ्यांमुळे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

अबोली: पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचे. त्या रात्री मी स्वयंपाकघरातले डबे घासत बसायचे, अंगात नुसती तरतरी. सिस्टर म्हणाल्या, हे स्टेरॉइडमुळे. घरी घ्यायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सकाळी नाश्त्यानंतर घेऊ लागले.

कृष्णाकाठ: डावीकडचं ऑपरेशन, आणि डाव्या कुशीची जन्माची सवय. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी काढणारी नळी, होता तोवर उताणीच. हाताखाली छोटी उशी घेतली की काखेतली ओढ कमी व्हायची.

रानजाई: माझं लेट्रोझोल, हीपण हार्मोनवरचीच गोळी. तिने सांधे आखडायचे, कूस बदलताना जाग यायची. वर्षभर झोपेच्या गोळीवर काढलं. मग समुपदेशक ताईंकडे निद्रानाशासाठीची सीबीटी, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा उपचार, केली. जुनाट निद्रानाशात आधी हीच करावी म्हणतात. उठायची वेळ रोज एकच, दुपारची झोप बंद, डोळे मिटायला लागले तरच अंथरुणात. झोप लागेना तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. सुरुवातीला जिवावर आलं. भाजी चिरताना पेंगायचे, गॅसजवळ सून थांबायची. पण हळूहळू झोप सलग होत गेली. सांधे अजून दुखतात, तरी पुन्हा डोळा लागतो. गोळी डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने बंद केली.

सासवडचा: बायकोची फॉलोअपची तारीख जवळ आली की दोघांचीही झोप जाते. घरच्यांनो, "विचार करू नकोस" म्हणू नका. ती बोलेल ते ऐका.

अबोली: केमो संपली, तरी रात्री तळपायाला मुंग्या येतात, चादरही सहन होत नाही. कुणाला कशाने आराम पडला?