दशांश चिन्हापर्यंतचा न्याय

'मेटाक्रिटिकवर ८१ आहे, म्हणजे ७६वाल्यापेक्षा अल्बम सरसच' असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. मेटाक्रिटिक ही समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणारी साइट. तो आकडा कोणा एकाचं मत नसतोच. कुणी समीक्षक तारे देतं, कुणी अक्षरी श्रेणी, कुणी काहीच नाही. ते सगळं शंभरपैकी गुणांत बसवलं जातं. आकडा न देणाऱ्याचं परीक्षण वाचून साइटचे लोकच अंदाजाने गुण टाकतात. शिवाय सरासरी भारित. कोणत्या प्रकाशनाला किती वजन, हे ते उघड करत नाहीत. मग पाच गुणांच्या फरकावर काय भांडायचं?

पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटचं तर विचारूच नका. दहापैकी गुण, तेही दशांशात! गायिका लिझ फेअरच्या २००३च्या अल्बमला त्यांनी चक्क ०.० दिले होते. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला २००१ मध्ये ६.४. पुढे २०२१ मध्ये काही जुन्या अल्बमांचे गुण त्यांनीच फेरतपासले, तेव्हा पहिल्याला ६.० मिळाले आणि दुसऱ्याला थेट १०. गाणी तीच, एक सूरही बदललेला नाही. (गायिका ग्राइम्सचा एक अल्बम मात्र ८.२ वरून ६.९ वर घसरला, तोही दोन वर्षांच्या आत.)

तरी समीक्षक नकोतच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकी संगीत समीक्षक रॉबर्ट ख्रिस्तगाव १९६९ पासून श्रेणी देतोय, पण चार ओळींत अल्बम कसा ऐकू येतो ते सांगतो. त्याची श्रेणी मला अनेकदा पटत नाही. ओळी वाचून अल्बम मात्र हमखास लावावासा वाटतो.