सभासदाची नोंद कोणाकोणाला दिसावी?

संगणक विभाग, लातूर :
आमच्या पतसंस्थेच्या लातूर, औसा, निलंगा आणि उदगीर अशा चार शाखा आहेत. आजमितीला कोणत्याही शाखेतील लिपिक कोणत्याही सभासदाचे नाव टाकून त्याची ठेव, कर्ज, वारसदार आणि मोबाइल क्रमांक पाहू शकतो. गेल्या महिन्यात एक बाई काउंटरवर आल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "पावती माझ्या पेटीत कुलपात हाय, मग दिराला रक्कम कशी कळली?" शिलाईकामातून साठवलेले ते पैसे त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवले होते. दुसऱ्या शाखेतील त्यांच्या नात्यातील एका कर्मचाऱ्याने सहज म्हणून नाव टाकून पाहिले होते, आणि हेही त्याने स्वतःहून सांगितले म्हणूनच आम्हाला समजले. कारण नोंदीत केलेला बदल आमच्या प्रणालीत टिपला जातो, नोंद नुसती उघडून पाहिलेली टिपली जात नाही. त्याने नियम मोडला असे म्हणता येत नाही, कारण तसा नियमच आम्ही केलेला नाही, आणि याची मला लाज वाटते.

माझे मत असे आहे की, ज्याच्या हातात सभासदाचे काम आहे त्यालाच त्या सभासदाची नोंद दिसावी. दारोदार फिरून रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटाला फक्त त्याच्या यादीतील खातेदार, लिपिकाला फक्त त्याच्या शाखेतील सभासद.

शाखा व्यवस्थापक, उदगीर :
मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. माझ्या शाखेत चार माणसे आहेत. सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीपूर्वी काउंटरवर उभे राहायला जागा उरत नाही, आणि त्याच आठवड्यात रोखपाल रजेवर गेला तर कोणीही कोणाच्याही खुर्चीवर बसतो. औशाच्या शाखेत खाते असलेला माणूस लेकीच्या गावी उदगीरला आला आणि त्याला तातडीने पैसे हवे असले, तर "तुमचे खाते आम्हाला दिसत नाही" हे मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? त्या बाईंच्या बाबतीत चूक माणसाची झाली. त्या माणसावर कारवाई करावी, सगळ्या शाखांचे हात बांधू नयेत.

निवृत्त लेखापरीक्षक, नांदेड :
व्यवस्थापकांची अडचण खरी आहे, पण कायद्याचा कल त्यांच्या बाजूचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ३२ नुसार सभासदाला ताळेबंद, सभासद नोंदवही आणि सभांची इतिवृत्ते पाहता येतात. मात्र हिशेबाच्या वह्यांपैकी त्याच्या स्वतःच्या व्यवहारांचा भागच त्याला पाहता येतो. म्हणजे कागदी वह्यांच्या काळातही दुसऱ्याचे खाते हा उघडा विषय मानलेला नव्हता. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

वसुली अधिकारी, निलंगा :
कायदा मान्य आहे, पण जामीनदाराचे काय? एकच माणूस औशात भावाला, निलंग्यात मेव्हण्याला आणि उदगिरात मित्राला जामीन राहतो. मला फक्त निलंग्याच्या नोंदी दिसल्या तर चौथ्या कर्जालाही तोच जामीनदार चालून जाईल, आणि बुडणारे पैसे इतर सभासदांच्या ठेवींचे असतील.

संगणक विभाग, लातूर :
जामीनदाराचा मुद्दा मला पूर्णपणे पटला, आणि माझी मांडणी तिथे अपुरी होती हे मान्य करतो. त्यासाठी चारही शाखांतील जामीन आणि थकबाकी दाखवणारा वेगळा अहवाल वसुली विभागाला द्यावा. त्यात ठेवींचा रकाना नसावा.

मात्र परवानग्यांचे दोन थर असतात, हे लक्षात घ्यावे. आमची प्रणाली फ्रॅपे या तयार सॉफ्टवेअर-चौकटीवर चालते. तिथे 'रोल', म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेली भूमिका, ठरवतो की लिपिकाला ठेवींच्या नोंदी पाहता येतील का. कोणाच्या नोंदी, हे वापरकर्त्यावर वेगळी मर्यादा घालून ठरते. ती मर्यादा घातली नाही तर सगळ्यांच्या नोंदी दिसतात. आम्ही पहिला थर लावला आणि दुसरा विसरलो. शिवाय ज्या जुन्या नोंदींत शाखेचा रकाना रिकामा आहे, त्या मर्यादा घातल्यावरही सर्वांना दिसत राहतात. कडक मर्यादेचा वेगळा पर्याय निवडला तरच त्या झाकल्या जातात, आणि मग त्या नोंदी संबंधित शाखेच्या लिपिकालाही दिसत नाहीत. म्हणून आधी ते रकाने भरणे हे खरे काम आहे, आणि ते कंटाळवाणे असले तरी टाळता येणार नाही.

शाखा व्यवस्थापक, उदगीर :
रकाने भरायला माझी शाखा दोन शनिवार देईल. परशाखेच्या सभासदासाठी मात्र मला व्यवस्थापक म्हणून त्याचे खाते त्या दिवसापुरते उघडण्याचा अधिकार हवा. कारण लिहून आणि माझ्या नावाची नोंद राहून. लातूरला फोन करून परवानगीची वाट पाहणे मला मान्य नाही.

संगणक विभाग, लातूर :
नोंद राहणार असेल तर माझी हरकत नाही; पण काउंटरवर कॅल्क्युलेटरमागे चिकटवलेला सगळ्यांचा एकच पासवर्ड त्याआधी काढावा लागेल, नाहीतर नोंदीत नाव तुमचे येईल आणि पाहणारा भलताच असेल.