गेम बनवून पोट भरतं का?

कोडकर: दिवसा बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो, रात्री गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटा पझल गेम बनवतोय. गेम विकायचं ऑनलाइन दुकान स्टीम विक्रीतले ३० टक्के कापतं म्हणे, मग हातात काय उरणार?

पिक्सेलवाला: कापतं ना, आणि विक्री १ कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्यावर २५ टक्के, म्हणजे सूट मोठ्यांनाच, मला हे अजिबात पटत नाही. एपिक हे दुसरं दुकान कमी घेतं, पण गिऱ्हाईक सगळं स्टीमवर.

सावनी: रिफंडचं बघ आधी. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, तुझा पझल दीड तासात संपला तर गेम पूर्ण करूनही परत करतील लोक.

पिक्सेलवाला: गोडो सोडू नकोस मात्र. गेम बनवायचं दुसरं सॉफ्टवेअर आहे ना युनिटी, त्यांनी २०२३ला इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, डेव्हलपर खवळले, शेवटी २०२४ला रद्द करावी लागली. आणि नोकरी अजिबात सोडू नको रे.