डाऊनी औषधाला ‘सरावते’ का?

नाशिकला पदवीच्या वर्गांना उत्क्रांती आणि परिस्थितिकी शिकवते. बरीच मुलं द्राक्षबागायतदारांच्या घरची, म्हणून नैसर्गिक निवडीचं उदाहरण बागेतूनच घेते. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस लागला की डाऊनी (द्राक्षवेलीवरचा केवडा, बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग) येते, फवारण्या वाढतात. उत्तरपत्रिकेत मात्र हमखास वाक्य येतं: ‘तेच तेच औषध मारल्याने डाऊनी त्याला सरावते.’

‘सरावणे’ हे एकाच जिवाच्या आयुष्यात घडतं. बैल औताला सरावतो, भाकरी करणारा हात तव्याच्या धगीला सरावतो. डाऊनीत कुणीच सरावत नाही. असंख्य बीजाणूंपैकी एखाद्याच्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅलनिन असतं. अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनसारखं औषध तिथे नीट चिकटत नाही. बाकीचे मरतात, याची प्रजा बाग व्यापते.

पुस्तकातलं ‘अनुकूलन’ (adaptation) मला इथे अपुरं वाटतं. ते क्रियेचं नाव आहे, त्यामुळे कुणीतरी मुद्दाम स्वतःला बदलतंय असं मुलांना वाटतं. ‘जुळवून घेणे’ तर त्याहून घातक. नवी सून सासरी जुळवून घेते, तसं प्राणी निसर्गाशी घेतात, असं चित्र डोक्यात पक्कं बसतं.

उलट ‘निवड’ हा शब्द फार चांगला आहे, फक्त तो क्रिकेटच्या संघनिवडीच्या अर्थाने घेऊ नये. आपण तांदूळ निवडतो तेव्हा उत्तम दाणे वेचत नाही, खडे काढून टाकतो. दाणा एकही बदलत नाही, सुपातला तांदूळ बदलतो. डार्विनच्या १८५९च्या ग्रंथातला विचार समजायला ‘निवडणे’चा हा घरगुती अर्थ मला सर्वांत जवळचा वाटतो. सूप धरणारं मात्र तिथे कुणी नाही, हे वर्गात लगेच सांगावं लागतं.

‘सरावणे’ला बदली शब्द सुचवाल का?

प्रतिसाद, निफाडहून:
मॅडम, आमच्याकडे जुनी माणसं ‘औषध आता लागू पडत नाही’ म्हणतात. ‘सरावली’ हे दुकानदाराकडून ऐकलेलं. आणखी एक म्हणजे ‘डाऊनी औषधाला जुमानत नाही’.

उत्तर:
‘जुमानत नाही’ छानच! ‘न जुमानणारी तेवढी उरली’ असं म्हटलं की आधीपासूनचा फरक आणि मागाहूनची निवड, दोन्ही एका वाक्यात येतात. सोमवारच्या तासाला फळ्यावर हेच लिहिते. ‘अनुकूलन’ऐवजी, जिथे गुणधर्माबद्दल बोलायचं आहे तिथे, ‘अनुकूल गुण’ म्हणून पाहते.