मे महिन्यात दोन लहान लेकरं घेऊन निलंग्याकडं जायचंय, नेमकं सांगा

निलंग्याची_सून
पुण्याहून लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यातल्या गावी, १० मेनंतर बारा दिवस. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची (अंगावर पिते, वरचं खाणं सुरू). घर जुनं माळवदाचं (लाकडांवर मातीचं सपाट छत), पुढं पत्र्याची एक खोली आणि कूलर त्याच खोलीत. पाणी बोअरचं. गाडीनं जावं का रेल्वेनं? पाण्याचं, उन्हाचं काय? सासूबाईंचं म्हणणं, "आमची नाही का वाढली लेकरं?" त्यामुळं "काळजी घ्या" सोडून बोला.

बालाघाटी
रेल्वे बरी. मुंबई–लातूर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येते, सकाळी लातूरला उतरवते. ऊन चढायच्या आत गाव गाठता येतं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, मेमधलं पटकन संपतं. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट लागत नाही, पण मग बर्थही मिळत नाही. थोरल्याचं पूर्ण तिकीट काढून बर्थ घ्याच, एका बर्थवर तिघं मावत नाहीत.

गाडीनंच जायचं तर पहाटे चारला निघा: टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड, लातूर. चहा-पाण्यासकट सात-आठ तास धरा. धाकटी मांडीवर नको, पाठमोऱ्या बेबी सीटमध्ये. गाडी उन्हात थांबली असेल तर बसवायच्या आधी पट्ट्याच्या बक्कलला हात लावून बघा, मांडीला चटका बसतो तो त्याचाच.

आता घर. तुमच्याकडं माळवद आहे म्हणजे अर्धं काम झालंय. जाड भिंती आणि वरचा मातीचा थर तापायला संध्याकाळ होते, पत्रा मात्र दहा वाजताच तव्यासारखा. म्हणून दुपारी बारा ते पाच लेकरं माळवदात. रात्री उलटं होतं, दिवसभर प्यालेली ऊब माती आत सोडते. तेव्हा झोपायला अंगण. गच्चीवर कठडा नसेल तर तिथं लेकरं नकोत.

पाहुणे आले की कूलरच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतात, तिथंच चुकतं. कूलरची पाठ खिडकीबाहेर आणि समोरचं दार वीतभर उघडं पाहिजे. हवेला वाट नसली की खोली दमट होते, घाम वाळत नाही आणि लेकरं किरकिर करतात. वळवाचा पाऊस झाला की त्या रात्री पाणी न टाकता नुसता पंखा चालवा. लोखंडी बॉडी असेल तर पिन आधी बघा. सॉकेटात बसत नाही म्हणून तिसरी, अर्थिंगची पिन मोडलेली असते. ती बदलून घ्या, शंभर-दोनशेचं काम. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन उपसायची. टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात.

दवाखाना_चौक
पाणी: फडक्यानं गाळून, खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट ठेवून गार करा, मग माठात. बोअरचा खारटपणा उकळून जात नाही. पाणी फारच मचूळ असेल तर पिण्यापुरते जार घ्या. माठात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. अख्खा गाव एकाच पेल्यानं पाणी घेतो, लेकरांची पोटं तिथंच बिघडतात.

जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्ये, अख्खंच. अर्ध्या ग्लासात चिमूटभर टाकायचं नाही, मिठाचं प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटरला सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा). चोवीस तासांनी फेकून द्या. दर जुलाबानंतर धाकटीला ५० ते १०० मिली, थोरल्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, तर घरी थांबू नका. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

अंग भाजल्यासारखं तापलंय आणि लेकरू बरळतंय किंवा सुस्त आहे, तर तो उष्माघात. तापाचं औषध त्यावर चालत नाही. कपडे काढा, अंगभर साधं पाणी, पंख्याचा वारा, १०८. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. खिशातल्या कांद्यावर विसंबू नका.

माळवदाच्या लाकडांतून विंचू खाली पडतो. बाज भिंतीपासून हातभर लांब, मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, वाकळ झटकूनच अंथरायची. चावला तर लहान लेकराला लगेच दवाखान्यात न्या. घाम, उलटी, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण. त्यावरची प्राझोसिन या औषधाची उपचारपद्धती डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला रूढ केली, आणि ते मूळचे आपल्या जालना जिल्ह्यातले. मंत्र-उताऱ्यात तास घालवू नका.

धाकटीला वर्षाच्या आत मध नाही, गुटीतूनही नाही. सासूबाईंना तुम्ही सांगू नका, आशाताईंकडून वदवून घ्या. गोवर-रुबेलाची नववा महिना भरल्यावरची लस राहिली असेल तर निघायच्या आधी टोचून घ्या, गावी लग्नाची गर्दी असते.

धपाटेवाली
शिदोरीचं एकच सांगते. मेमध्ये धपाट्याच्या पिठात दही-कांदा घालू नका, दुपारपर्यंत आंबतं. ज्वारी, थोडं बेसन, गहू, तीळ, ओवा, पाण्यात घट्ट मळून. उतरवले की एकावर एक रचू नका. कापडावर सुटे पसरा, पूर्ण गार झाल्यावर डबा. गरम भरले की झाकणाला घाम धरतो आणि तेच पाणी धपाट्याला चिकटी आणतं. धाकटीला गावात ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून वरणासोबत द्या, बिस्किटांची गरज नाही.

निलंग्याची_सून
खूप उपयोगाचं. अजून एक: शेतात शेततळं आहे, थोरल्याला त्याचे काका पोहायला नेणार म्हणतात.

बालाघाटी
शेततळ्यात नाही. काही विहिरींना पायऱ्या तरी असतात, शेततळ्याला नुसता उतार, त्यावर प्लास्टिकचं अस्तर आणि अस्तरावर शेवाळ. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा घसरून परत आत जातो. पोराला वाचवायला उडी घेतलेला तिथंच अडकतो. काकांना म्हणा, बांधावर खुंटा रोवून गाठी मारलेला दोर आणि फुगवलेली ट्यूब पाण्यात सोडा. तेही पोहण्यासाठी नव्हे, कुणी चुकून पडलं तर धरायला. पोरांचं पाणी खेळणं अंगणात घमेल्यात. घरचा हौद जमिनीलगत असेल तर झाकण आणि त्यावर दगड.

आणि पोचल्या-पोचल्या कोठीची खोली बघा. मेमध्ये पेरणीची तयारी सुरू होते. फवारणीचं औषध थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं असतं, बियाण्याला लावलेलं औषध गुलाबी दिसतं आणि साडेचार वर्षांच्या पोराला ते दाणे गोळ्या-चॉकलेटं वाटतात. सगळं एका पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली मोठ्यांच्या कमरेला.